ह्याचा ब्रेक कुठाय?

भोसरी-चाकणकडच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सर्व्हर रूम शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. ऑफिसच्या मजल्यावर, बहुधा अकाउंट्सच्या पाठीमागे, ज्या दारासमोर चपला-बुटांचा ढीग दिसेल ती सर्व्हर रूम. ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी, आत काचेचं पार्टिशन, कुडकुडायला लावणारा एसी आणि मधोमध एक रॅक. खाली मशीनशॉपवर सेफ्टी शूज घातल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत आणि इथे ते काढल्याशिवाय. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सिस्टिम्स सांभाळताना माझी बरीच वर्षं या दोन नियमांच्या मध्ये, बुटांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात गेली.

नियम दोन असले की माणसांचेही दोन गट पडतात. खालचे मशीनवाले, वरचे कंप्युटरवाले. आमच्याकडे बिघाड म्हणजे ‘हँग’ होणं. त्यांच्याकडे वस्तू तुटायच्या, झिजायच्या, जाम व्हायच्या. आमचा उपाय रीस्टार्ट, त्यांचा स्पॅनर. या वाटणीत एक यंत्र चुकून आमच्या मजल्यावर राहायला आलेलं होतं आणि ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं. सर्व्हरच्या पोटातला टेप ड्राइव्ह.

हार्ड डिस्कही फिरते, पण ती सीलबंद. तिच्या आत काय चाललंय ते पाहायची सोय नाही, पाहायची गरजही पडत नाही. गेली की गेली. टेप ड्राइव्हला मात्र मोटर असते, गिअर असतात, रबरी रोलर, स्प्रिंगा, सरकणारे खांब आणि सगळ्यात महत्त्वाचा तो फितीवरचा ताण. आमच्याकडचा ड्राइव्ह डीडीएस-4 जातीचा होता. सोनीने 1987 मध्ये गाण्यांसाठी बाजारात आणलेली डॅट कॅसेट, तिलाच 1989 मध्ये सोनी आणि एचपीने मिळून कंप्युटरच्या कामाला लावलं. तिची ही चौथी पिढी. तळहातावर मावणारी कॅसेट, आत चार मिलिमीटरहून किंचित कमी रुंदीची 150 मीटर फीत, आणि तिच्यावर 20 जीबी. कॅसेट आत गेली की तिचं झाकण उचललं जातं. मग दोन खांब फितीला बाहेर ओढतात आणि एका तिरप्या, चकचकीत ड्रमला लपेटतात. ड्रम गरगर फिरत असतो. फीत त्याच्यापुढून सावकाश सरकते आणि ड्रमवरची हेडं तिच्यावर तिरक्या रेघा मारत जातात. घरोघरच्या व्हीसीआरमध्ये हेच चालायचं, इथे फक्त सगळं आकाराने लहान.

ही फीत केसाच्या दहाव्या हिश्शाइतकीही जाड नसते. खाली शॉपवर बोअर पाच मायक्रॉनने मोठा झाला की पार्ट रिजेक्ट, आणि त्यावरून प्रॉडक्शन आणि क्वालिटीची रोजची हमरीतुमरी. वर त्याच मापातली एक वस्तू दररोज रात्री खांबांमधून ओढली जात होती, आणि आम्ही तिला ‘डेटा’ म्हणायचो.

बॅकअपची रीत अशी होती. सोमवारची टेप, मंगळवारची टेप, अशा कॅसेटा स्केच पेनने लिहिलेल्या. गुरुवारची नव्हती, कारण भोसरी-चाकणकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. संध्याकाळी जाताना मी टेप घालायचो, सकाळी टाइम ऑफिसमधला कोणीतरी ती काढून डब्यात ठेवायचा. महिनाअखेरची टेप मालकांच्या गाडीतून निगडी प्राधिकरणात त्यांच्या बंगल्यावर जायची आणि कपाटात, दागिन्यांच्या वरच्या कप्प्यात बसायची. पुढे एका प्रशिक्षणात ‘ऑफसाइट स्टोरेज’ यावर तासभर व्याख्यान ऐकलं, तेव्हा आपण ते कधीपासून करतोय याचं मला फार समाधान वाटलं होतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते तशी सर्व्हरचीही व्हायची. झेंडूचा हार, नारळ, हळद-कुंकू. त्या दिवशी माझं सगळं लक्ष कुंकवाच्या चिमटीवर. मालकीणबाईंचा हात ड्राइव्हच्या फटीकडे वळतोय असं दिसलं की मी रॅकचं दार पुढे करायचो. पंख्याने एकदा कुंकू ओढलं की ते हेडपर्यंत जाणार. तेवढं कळत होतं, म्हणजे यंत्र आहे हे अर्धवट कळतच होतं म्हणायचं.

2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज त्याच सुमारास तिकडे गेली, पाठोपाठ महिंद्रा. मोठ्या गाड्यांमागे त्यांचे सप्लायरही भोसरी, पिंपरीतल्या जागा अपुऱ्या पडतात म्हणत नाशिक रस्त्याने वर सरकले. आम्हीही सरकलो. भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमधून मशीनं गेली, फर्निचर गेलं आणि शेवटच्या टेम्पोत जुनं रेकॉर्ड. त्यात जुन्या टेपांचे खोकेही. तोवर कंपनीत नवी ईआरपी आली होती आणि आधीची फॉक्सप्रोमधली सिस्टिम बंद झाली होती. तिचा वर्षावर्षाचा डेटा त्या खोक्यांमध्ये. पावसाळे भोसरीतल्या गळक्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेले, आता चाकणच्या नव्या गोदामात.

जुना डेटा कशाला लागतो, असं नव्या माणसाला वाटतं. गाड्यांच्या धंद्यात तो लागतो. एखादा पार्ट ग्राहकाने मंजूर केला त्याची कागदपत्रं तो पार्ट चालू आहे तोवर आणि वर एक कॅलेंडर वर्ष जपायची, हे पार्ट-मंजुरीच्या ‘पीपीएपी’ नियमावलीतच लिहिलेलं होतं. मॉडेल बंद झालं तरी स्पेअर म्हणून पार्ट पुढे वर्षानुवर्षं जातच राहतो. मग कुठेतरी एक शाफ्ट तुटतो, ग्राहकाची मेल येते, आणि त्या शाफ्टवरच्या हीट नंबरापासून उलटा प्रवास सुरू होतो. पोलाद कुठल्या लॉटचं, हीट ट्रीटमेंट कुठल्या भट्टीत, त्या दिवशी हार्डनेस किती लागला. दोषाचं मूळ शोधून ग्राहकाला एट-डी रिपोर्ट द्यायचा तर हे सगळं हवं. बॅच कार्डांचे कागद भोसरीच्या पावसात गेलेले. राहिली ती टेप.

पावसाचे दिवस होते. बुधवारी संध्याकाळी ती जुनी टेप ड्राइव्हमध्ये घातली. नेहमीचा आवाज आला, खांब सरकल्याचा, ड्रमने वेग घेतल्याचा. मग एक कुरकुर, जी नेहमीच्या आवाजात नव्हती. मग ‘टक’ आणि शांत. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. इजेक्टचं बटण दाबलं, काही नाही. दाबून धरलं, आत मोटर क्षणभर कण्हली आणि थांबली. सर्व्हर बंद करून चालू केला. सुरू होताना ड्राइव्ह स्वतःची तपासणी करतो, त्यात पुन्हा तीच कुरकुर ऐकू आली. तेव्हा वीजच काढून टाकली. आत फितीचं काहीतरी होत होतं आणि प्रत्येक वेळी मोटर फिरली की ते वाढत होतं, एवढं कानांना कळलं.

आमचा देखभालीचा करार असलेल्या कंपनीचा इंजिनीअर उशिरा का होईना आला. पोरगा चांगला होता. बटण दाबून धरणं वगैरे त्यानेही केलं. मग बॅगेतून पार्ट लिस्ट काढली. ड्राइव्ह बदलून मिळेल, पण तो आता बनत नाही, तेव्हा शोधावा लागेल. आणि टेप? टेप करारात येत नाही. जुना ड्राइव्ह परत द्यावा लागेल, त्यात टेप अडकली असेल तर ती त्याच्यासोबतच जाईल. डेटा हवाच असेल तर मुंबईत रिकव्हरीवाले आहेत, ते पाहून सांगतील. त्याने सांगितलेला आकडा ऐकून अकाउंट्सच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचं शिक्षणच तसं झालेलं. त्याच्या लेखी सर्वांत लहान वस्तू म्हणजे पार्ट लिस्टमध्ये ज्याला नंबर आहे ती. ‘टेप ड्राइव्ह, एक नग’. त्याच्या आत काही नसतंच. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी नव्हतं. आमचा सगळा पेशाच असा डब्याच्या बाहेर उभा राहून डब्याविषयी बोलणारा आहे.

मामांचा संबंध आला तो योगायोगाने. टूलरूममधले सर्वांत जुने फिटर, खेड तालुक्यातल्या एका गावचे, टेल्कोच्या ॲप्रेंटिस शाळेतून तयार झालेले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मालकसुद्धा. पंचिंग मशीनवर त्यांचं कार्ड वाचलं जात नव्हतं म्हणून ते वर आले होते. दाराशी बूट काढले, आत येऊन माझ्या टेबलावरचा उघडा सर्व्हर पाहिला आणि विचारलं, ‘‘काय अडकलंय?’’

मी सांगितलं. त्यांनी ड्राइव्हच्या फटीतून आत टॉर्च मारला. बराच वेळ पाहिलं.

‘‘साहेब, ह्याचा ब्रेक कुठाय?’’

इतकी वर्षं टेप घातल्या-काढल्या, पण या वस्तूला ब्रेक असेल हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. असतो. कॅसेट बाहेर असते तेव्हा तिच्या दोन्ही चकत्यांना आतून अटकाव असतो, म्हणून हलवली तरी फीत सैल पडत नाही. ड्राइव्हमध्ये गेली की तो अटकाव सुटतो आणि चकत्या ड्राइव्हच्या हवाली होतात. म्हणजे या क्षणी आत फीत ड्रमला लपेटलेली, चकत्या मोकळ्या, आणि ताण धरायला कोणी नाही. आता चिमट्याने कॅसेट बाहेर ओढली असती तर ती आली असती, फीत आतच राहिली असती. मामांना मॅग्नेटिक टेपमधलं काही कळत नव्हतं. पण ज्याच्यावर ताण आहे अशी वस्तू सोडवण्याआधी ती कशाने धरलेली आहे ते पाहायचं, हे त्यांच्या बोटांत होतं.

शिवाय आणखी एक निघालं. ऐंशीच्या दशकात, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभर भाड्याने आणून गल्लीत पिक्चर लावायचे दिवस होते, तेव्हा मामा कंपनी सुटल्यावर भोसरीत एका दुकानात व्हीसीआर दुरुस्त करायचे. ‘‘लग्नाच्या कॅशेटी लय अडकायच्या,’’ ते म्हणाले. ‘‘भाड्याची अडकली तर दुकानदार रडायचा. लग्नाची अडकली तर अख्खं घर.’’

दुसऱ्या दिवशी गुरुवार, कारखाना बंद. मामा आले. मी ड्राइव्ह सर्व्हरमधून काढून ठेवलेला होता. तो उघडायचा कुठे, यावर मामांनी सर्व्हर रूमकडे नुसती नजर टाकली आणि नको म्हणाले. खाली स्टँडर्ड रूममध्ये चला. मला आधी नीट समजलं नाही. मग खाली गेल्यावर समजलं. स्टँडर्ड रूम म्हणजे जिथे गेज आणि मापं तपासतात ती खोली. दोन दारं, आतलं तापमान चोवीस तास 20 अंश, कारण लांबी 20 अंशांवर मोजायची हे 1931 पासून जगभर ठरलेलं आहे. आर्द्रतेची नोंद दर पाळीला तक्त्यावर. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, सुती हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, भिंगाचा दिवा. आमच्या सर्व्हर रूमला चपला काढायच्या, पण छताच्या फटीतून गुरुवारी एसी बंद असताना बाहेरची दमट हवा यायची. धूळ आणि दमटपणा यांची काळजी कशी घ्यायची ते या कारखान्याला उत्तम येत होतं. फक्त ते खालच्या मजल्यावर येत होतं.

मामांनी स्क्रूड्रायव्हर, चिमटे मांडले आणि मी म्हणालो, ‘‘मामा, यातलं काही चुंबक झालेलं नाही ना?’’ टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ वावरणारी हत्यारं हळूहळू चुंबक होतात. स्क्रू उचलतात, तेव्हा सोयीचंच वाटतं. एवढ्याने डेटा पुसला गेला असता असं नाही, या फितीचं चुंबकत्व सहजी हलत नाही. पण जोखीम कशाला. मामा उठले, सगळी हत्यारं घेऊन ग्राइंडरपाशी गेले आणि एकेक करून डीमॅग्नेटायझरवरून फिरवून आणली. ते यंत्रही तिथे कायमचंच बसवलेलं. दुसरं एक मला सांगावं लागलं. झाकण उघडताच त्यांचा हात सवयीने एअर गनकडे गेला, आणि मी तो धरला. कारखान्याच्या लाइनमधल्या हवेत कंप्रेसरचं तेल असतं आणि पावसाळ्यात पाणीही. भोकातला लोखंडी कीस उडवायला ती ठीक. मामांनी मान डोलावली आणि गन परत खुंटीला लावली.

झाकण निघालं आणि मी पहिल्यांदा आपल्या ड्राइव्हचं पोट पाहिलं. खांब पुढे आलेले, फीत ड्रमला लपेटलेली, इथवर सगळं पुस्तकात असतं तसं. पुढे मात्र फितीचा एक फास बारक्या रबरी रोलरभोवती गुंडाळला गेला होता. एका पोलादी दांड्याला हा रोलर दाबून बसतो आणि दोघांच्या मधून फीत एकसारख्या वेगाने सरकते. मामांनी भिंगातून पाहिलं. ‘‘रबर मेलंय.’’ वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चिकट झाला होता. त्यात ही टेप पावसाळ्यांतून निघालेली. दमट हवेत फितीचे थर चवडीतल्या पापडांसारखे एकमेकांना धरून बसतात. चकतीवरून ती अडखळत सुटली, पुढचा ताण क्षणभर गेला, आणि सैल पडलेली फीत चिकट रोलरने आपल्याभोवती ओढून घेतली. नंतर बटण दाबलं, वीज चालू-बंद केली, तेव्हा तेव्हा एकेक वेढा वाढला.

सोडवायला काही जादू लागली नाही. खांबांना मागे-पुढे करणाऱ्या मोटरच्या टोकाला वर्म गिअर होता. मामांनी तो बोटाने फिरवून बघितला, कुठल्या दिशेला काय हलतं ते पाहिलं आणि हात काढून घेतला. आधी फास. प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने रोलरवरचा एकेक वेढा उचलायचा, ड्रमच्या चकचकीत अंगाला स्पर्श न करता. मी उलट्या बाजूने चकती धरून होतो. ‘‘ढिली... थोडी... धरा.’’ एवढंच बोलणं. वेढे सुटले तेव्हा फितीचा भलामोठा झोल झाला. मग वर्म गिअर दोन-चार आटे फिरवायचा, खांब जरा मागे येणार, झोल आणखी वाढणार, की थांबून चकती फिरवून तो आत घ्यायचा. पुन्हा गिअर. खांब जागेवर गेले, फीत कॅसेटमध्ये सरळ बसली, आणि मगच गिअरच्या पुढच्या आट्यांनी कॅसेटची टोपली वर उचलली. घाई कुठे करावी वाटली तर ती याच टप्प्याला. मामांनी तिथेच चहा मागवला, आणि स्टँडर्ड रूममध्ये चहा चालत नाही म्हणून आम्ही बाहेर जाऊन प्यालो.

कॅसेट हातात आल्यावर तिचं झाकण उघडून दुखावलेला तुकडा प्रोफाइल प्रोजेक्टरच्या काचेखाली धरला. या यंत्रावर गिअरच्या दातांच्या सावल्या वीस पट मोठ्या करून तपासतात. पडद्यावर फितीचा काठ दिसला. काही अंतर लाटा पडलेल्या, एका जागी आडवी घडी, पण कुठे फाटलेली नाही.

आता वाद झाला, तो तेवढाच. मामांचं म्हणणं, दुखावलेला तुकडा कापा आणि चिकटपट्टीने जोडा. लग्नाच्या कॅसेटीत अंतरपाट धरताना जरा चित्र उडालं तर कोण विचारतंय. माझं म्हणणं, इथे तसं नाही. फिरत्या ड्रमवरच्या हेडाला जोडाचा काठ लागला तर हेडच जाईल. आणि तसं झालं नाही तरी तिरक्या रेघांचा क्रम मध्येच तुटला की ड्राइव्ह तिथे थांबतो, पलीकडचं वाचत नाही. म्हणजे कापून फायदा काहीच नाही. घडीच्या अलीकडचं तेवढं मिळेल, ते न कापताही मिळणार. मामांना पटलं. बोटांनी घडी दाबून, चकती हाताने फिरवून तो भाग आत लपेटला आणि टेप पूर्ण मागे घेतली.

त्या ड्राइव्हमध्ये ती पुन्हा घालायचा प्रश्नच नव्हता. दुसरा डीडीएस-4 कुठून आणायचा? या पट्ट्यातल्या कंपन्यांचे आयटीवाले एकमेकांना कामापुरते ओळखतात, म्हणजे अडचणीपुरते. चार फोन केल्यावर तळवड्यातल्या एका कंपनीत एक ड्राइव्ह धूळ खात पडलेला निघाला. तो त्यांच्या गेटमधून बाहेर पडला रिटर्नेबल गेटपासवर, ‘यंत्रसामग्री, तपासणीसाठी’ असं लिहून. आमच्या गेटवर सिक्युरिटीने पुन्हा नोंद केली. मामांनी तो ड्राइव्ह आधी उघडला, रोलर बोटाने दाबून पाहिला, अल्कोहोलने पुसला, आणि मग हो म्हणाले.

पुढचं काम माझ्या मजल्यावरचं. टेप विंडोजमधल्या एनटीबॅकअपने लिहिलेली. विंडोज सर्व्हर 2008 पासून मायक्रोसॉफ्टने टेपवरचा बॅकअप काढूनच टाकला होता, म्हणून विंडोज 2000 चं एक जुनं मशीन उभं करावं लागलं. टेपवर कुठली फाइल कुठे आहे याची यादी लिहून ठेवलेली असते, ती वाचायला टेप शेवटपर्यंत पळवावी लागते, म्हणजे घडीवरून. ती यादी वापरायची असं सांगणारी एक चौकट असते, तिच्यातली खूण काढता येते. मग टेप सुरुवातीपासून सावकाश वाचली जाते आणि प्रोग्राम स्वतःच यादी बनवतो. ती खूण काढली. बसून राहिलो. फॉक्सप्रोचा एक मोठा गुण असा की प्रत्येक तक्ता वेगळी फाइल. एक गेली म्हणून दुसरी जात नाही. एकेक नाव पडद्यावर येत गेलं. भट्टीच्या नोंदी, हार्डनेस, हीट नंबर. डिस्पॅचचे तक्ते सुरू झाले आणि अर्ध्यावर ड्राइव्ह अडखळला, तशी मी टेप बाहेर घेतली. ती सुखरूप बाहेर आली. राहिलेले डिस्पॅचचे तक्ते कोणीच कधी मागितले नाहीत. एट-डी रिपोर्ट वेळेत गेला. दोष कोणाचा निघाला ते इथे सांगण्यासारखं नाही.

नंतर कंपनीने एलटीओ-5 जातीचा नवा टेप ड्राइव्ह घेतला. कॅसेटीत एकच चकती, फितीच्या टोकाला एक बारकी पिन. ड्राइव्ह त्या पिनेला पकडून फीत बाहेर ओढतो आणि स्वतःच्या पोटातल्या चकतीवर गुंडाळतो. 846 मीटर फीत, दीड टीबी. रबरी रोलर नाही, खांब नाहीत. नवा ड्राइव्ह आला त्या दिवशी मामांना वर बोलावलं. त्यांनी पिनेकडे बोट दाखवून विचारलं, ही निसटली तर? मॅन्युअल चाळलं तर त्यात खरोखरच कॅसेट घालण्याआधी पिन जागेवर आहे का पाहा, कॅसेट पडली असेल तर नक्की पाहा, असं लिहिलेलं.

टीममधली पोरं मधल्या काळात हसायची. क्लाउडच्या जमान्यात टेप? मी त्यांना 2011 च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगायचो. जीमेलच्या काही वापरकर्त्यांची खातीच रिकामी झाली, डिस्कवरच्या सगळ्या प्रतींपर्यंत सॉफ्टवेअरचा दोष पोचला होता, आणि गूगलने मेल परत आणले ते टेपवरून. 2017 च्या जूनमध्ये एका सायबर हल्ल्याने जेएनपीटीवरच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, आणि आमचे कंटेनर बंदरात अडकले. तेव्हा मालकांनी पहिल्यांदा आपण होऊन विचारलं की आपली टेप कुठे असते. 2021 मध्ये तर पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्याच सर्व्हरवर रॅन्समवेअर आला. त्यानंतर हसणारे कमी झाले. कपाटातली टेप कोणत्याही तारेला जोडलेली नसते, एवढाच तिचा मोठेपणा. पण ती कपाटातून काढून वाचता यायला हवी, आणि ते काम फितीचं, पिनेचं, मोटरचं. त्याला पासवर्डचा उपयोग नाही.

मला त्या गुरुवारानंतर एक गोष्ट करावीशी वाटली, ती मी केली. मेंटेनन्स विभागाची प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची यादी असते. लेथ, सीएनसी, कंप्रेसर, क्रेन. तिच्यात टेप ड्राइव्ह घातला. मशीन नंबर दिला, पत्र्याची पट्टी लावली. तपासणीचे मुद्दे मामांनी सांगितले आणि मी लिहिले: आवाज ऐकणे, कॅसेट आत-बाहेर होताना लागणारा वेळ पाहणे, क्लीनिंग कॅसेट चालवल्याची नोंद, खोलीतली आर्द्रता, जुन्या टेपांपैकी एक काढून पूर्ण वाचून पाहणे. मेंटेनन्सचे मॅनेजर म्हणाले, हे आमचं काम नाही. मी म्हणालो, आमचंही नाही असंच आम्ही समजत होतो. मामा मध्ये पडले म्हणून यादीत राहिलं.

पुढच्या सर्टिफिकेशन ऑडिटला बाहेरून आलेले ऑडिटर यादीवरून बोट फिरवत शॉपभर हिंडले आणि त्या नंबरपाशी अडले. हे मशीन कुठे आहे? वर आहे. मग वर आले, बूट काढले, ड्राइव्हवरची पट्टी वाचली, चेकशीटवरच्या सह्या पाहिल्या. मोटर, रोलर, आर्द्रता सगळं वाचून झालं. मग पेन उघडत त्यांनी विचारलं, ‘‘ठीक आहे. याचं कॅलिब्रेशन कधी ड्यू आहे?’’

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, ‘‘साहेब, त्याचं माप ते टेप वाचून देतं. बसा, एक जुनी लावून दाखवतो.’’